देवी आलेलं वासरू

माझ्या नातवंडांना जुन्या कल्याणातल्या जनावरांच्या गोष्टी हव्या असतात, आणि जनावर म्हटलं की त्यांना वाघच लागतो. मलंगगडाकडून वाघ उतरायचा, खाडीत सुसर होती, हे सगळं मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. ऐकीव वाघ सांगणारे म्हातारे गावात पुष्कळ आहेत. माझ्या वाट्याला आलं ते पाच महिन्यांचं एक वासरू. तेही आमचं नव्हे, मोहने गावच्या एका शेतकऱ्याचं. जवळजवळ पंधरवडाभर ते आमच्या परसदारी होतं आणि तेवढ्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. वाघ नाही म्हटल्यावर मुलं अर्ध्यावरच पळतात, म्हणून आता लिहूनच ठेवते.

तेव्हा कल्याणला आगगाडी येऊन तीसेक वर्षं झाली असतील. मी सतरा वर्षांची होते आणि माझी थोरली मुलगी सात महिन्यांची. आमच्या ह्यांना सरकारी नोकरी होती, देवी काढण्याची, म्हणजे देवीच्या रोगावर लस टोचण्याची. लोक ह्यांना डॉक्टर म्हणत, पण हे डॉक्टर नव्हते. एक कातडी पेटी, तिच्यात दोन-तीन बारीक सुऱ्या आणि पायांत जाड वहाणा, एवढ्यावर हे विठ्ठलवाडीपासून ठाकुर्लीपर्यंतची गावं पालथी घालत. हे वेशीत दिसले की बायका लेकरं उचलून कणगीमागे लपवीत. मी एकदा ह्यांना म्हटलंसुद्धा, की तुमच्यापेक्षा वाघ बरा, तो निदान दारं ठोठावत नाही.

बायका लपवीत त्याला कारण होतं. त्या वेळी देवी काढायच्या त्या हातावरून हातावर. एका मुलाला टोचायचं, आठव्या दिवशी त्याच्या दंडावर टपोरा फोड यायचा, त्यातलं पाणी घेऊन पुढच्या मुलाला टोचायचं. विरजणासारखंच ते. कालच्या दह्यातलं थोडं राखायचं, तरच उद्याचं लागतं. पण आठव्या दिवशी आपलं मूल परत आणून दुसऱ्यासाठी त्याचा फोड फोडू द्यायला कुठली आई तयार होईल? टोचून गेलेली बाई पुन्हा तोंड दाखवीत नसे. शिवाय जातीचा प्रश्न होताच. कुणाच्या अंगातलं पाणी कुणाच्या अंगात जाणार, याचा हिशेब प्रत्येक ओसरीवर चालायचा. आमच्याही चालला. माझी मुलगी तीन महिन्यांची झाली तेव्हाच हे तिला टोचणार होते, पण सासूबाईंनी तिला पदराखाली घेतली आणि म्हणाल्या, "ज्याचं पाणी आणशील त्याचं कुळगोत मला आधी सांग." हे गावोगाव लोकांची समजूत घालत, पण घरात ह्यांची डाळ शिजत नसे. देवी काढणाऱ्याची मुलगी बिनदेवीची राहिली.

मग सरकारने नवी रीत काढली, वासराची. वासराच्या पोटाचे केस काढून तिथे देवी टोचायच्या, पाचव्या-सहाव्या दिवशी फोड पिकले की त्यातली लस थेट मुलांना द्यायची, आणि वासरू ज्याचं त्याला परत. वासराला त्याने काही होत नाही, दोन दिवस अंग कोमट लागतं, झालं. हे फार खूश होते. गाईच्या वासराचं पाणी म्हटल्यावर कुणाचं कुळगोत निघणार? सासूबाईंना बोलायला जागाच उरली नाही.

एका सकाळी मोहन्याचा शेतकरी वासरू घेऊन दारात उभा राहिला. तांबूस रंगाचा गोऱ्हा, कपाळावर पांढरा ठिपका, आणि कान अंगाच्या मानाने फारच मोठे. सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं." पण वासरू आत आलं तेव्हा त्याच्या खुरांवर पाणी घालायला त्याच पुढे झाल्या.

ह्यांनी परसात फळीवर त्याला आडवं केलं, पाय बांधले, पोट भादरलं आणि टोचलं. नंतर मला दोन गोष्टी बजावल्या. एक, त्याला पोट चाटू द्यायचं नाही आणि कुणी तिथे हात लावायचा नाही. दुसरी, त्याचं नाव ठेवायचं नाही. "नाव ठेवलंस की परत देताना रडशील," हे म्हणाले. मी नाव ठेवलं नाही. परत देताना रडले ती रडलेच.

खरी गंमत दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. आजच्या मुलांना देवी म्हणजे देव्हाऱ्यातली तेवढी ठाऊक. आम्हाला देवी म्हणजे तो रोग. तो रोग हीच देवी. ती अंगात पाहुणी येते, तिला रागवायचं नाही, तिचा मान राखायचा आणि ती आपल्या पायांनी परत जाईपर्यंत घर थंड ठेवायचं. घरात देवी आल्या की फोडणी करायची नाही, तळायचं नाही, हजामत नाही, दाराला कडुनिंबाच्या पाल्याचा टाळा बांधायचा. सासूबाईंचा विचार सरळ होता. वासरू आपल्या घरात आहे, वासराच्या अंगात देवी आहेत, तेव्हा आपल्या घरात देवी आल्या आहेत. त्यांनी परसदाराला टाळा बांधला आणि चुलीवरची फोडणीची पळी उचलून फडताळात ठेवून दिली.

हे बिनफोडणीची आमटी भुरकत म्हणाले, "आई, देवी वासराला आल्यात, मला नाही."

"म्हणूनच तर तुला जेवायला मिळतंय," सासूबाई म्हणाल्या.

दाढीही करू देईनात. देवी काढणारा सरकारी माणूस चार दिवसांच्या खुंटांनी गावोगाव फिरून सांगत होता, की सहाव्या दिवशी सकाळी आमच्या दारी या, वासराची लस आहे, आणि पहिल्यांदा मी माझ्याच मुलीला टोचणार आहे. त्याशिवाय कुणी आलं नसतं. दुसऱ्याच्या लेकरावर प्रयोग कुणीही करतो, असं लोक ह्यांच्या तोंडावर म्हणत.

ह्यांची घाई उगीच नव्हती. ठाकुर्लीच्या अंगाला एका खेड्यात खऱ्या देवी आल्या होत्या. तीन घरं धरली होती. एका घरातलं मूल गेलंही होतं. कल्याणात अजून काही नव्हतं, पण बाजारात रोज त्या गावची माणसं येत-जात होती. मी रात्रंदिवस मुलीच्या अंगाला हात लावून पाहत असे. तिचं अंग थोडं कोमट लागलं की कपाळ पुन्हा पुन्हा चाचपायची.

आणि परसात ते वासरू. त्याला आईपासून तोडलेलं. मोहन्याहून गाय रोज दोन वेळा कोण आणणार? आम्ही त्याला शेजारच्या गाईचं दूध वाटीने पाजत होतो, कोवळं गवत घालत होतो. तरी संध्याकाळ झाली, गावातली गुरं परतायला लागली, की ते मोहन्याच्या दिशेला तोंड करून हंबरायचं. ते हंबरलं की मला पान्हा फुटायचा. माझी चोळी भिजायची आणि मला शरम वाटायची, जनावराच्या ओरडण्याने हे असं व्हावं! पण व्हायचं. मग मी मुलीला घेऊन त्याच्याजवळच बसायची. एका हाताने तिला धरायची आणि दुसऱ्या हाताने त्याच्या मोठ्या कानांमागे खाजवायची. मुलगी त्याची शेपटी धरू बघायची आणि ते मुकाट्याने धरू द्यायचं.

पाचव्या दिवशी दुपारी त्याने दूध घेतलं नाही. वाटी पुढे केली तर मान फिरवली. मी कानाला हात लावला, कान चटका बसण्याइतका गरम. पोटाकडे वाकून पाहिलं. भादरलेल्या जागी टपोरे फोड उठले होते, मोत्यांसारखे, आणि भोवतीची कातडी लालबुंद. वासरू मधूनच पोट आक्रसायचं. हे गावोगाव सांगायला गेलेले. सासूबाई ओट्यावर पेंगत होत्या. मी लहानपणी माझ्या धाकट्या भावाच्या अंगावर अगदी असेच फोड पाहिले होते. माझी आई त्याला कडुनिंबाच्या पाण्याने पुसायची आणि हळदीचा हलका लेप द्यायची. तो वाचला नाही, पण आईचा हात लागला की तेवढ्यापुरता शांत व्हायचा. हेच माझ्या मनात राहिलं होतं.

ह्यांनी काय बजावलंय हे मी विसरले नव्हते. ठाऊक असून केलं. मला वाटलं, ह्यांची सुरी आपलं काम करील, आपण आपलं करू. देवी अंगात असलेल्या जिवाला आपण साधा निंब लावला नाही, तर उद्या माझ्या मुलीच्या अंगात त्याच देवी जाणार, तेव्हा त्या काय म्हणून तिच्यावर माया करतील? मी निंबाचा पाला उकळला, पाणी गार केलं, मऊ फडक्याने त्याचं पोट टिपलं. मग हळद कालवून लावली. आधी ते थरथरलं, मग त्याने मान माझ्या मांडीवर टाकली आणि डोळे मिटले. पाय जिथे पोटाला मिळतो तिथल्या घडीत तेवढा माझा हात गेला नाही. तिथे हात नेला की ते लाथ झाडायचं. संध्याकाळी ते वाटीभर दूध प्यालं. मी फार समाधानाने निजले.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

सहाव्या दिवशी सकाळी दारात तीस-चाळीस बायका जमल्या, लेकरं कडेवर घेऊन. आमच्या घरासमोर इतकी माणसं मी लग्नकार्याखेरीज पाहिली नव्हती. ह्यांचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. ह्यांनी वासराला फळीवर घेतलं, वाकून पाहिलं आणि तसेच वाकून राहिले. फडक्याने बहुतेक फोड फुटले होते. उरलेसुरले हळदीने सुकले होते. पोट पिवळंधमक. लस म्हणून घ्यायला तिथे काही शिल्लक नव्हतं.

"कुणी केलं हे?" हे अगदी हळू आवाजात म्हणाले. सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी कानांवर हात ठेवले.

मी मुलीला घेऊन दाराआड उभी होते. चार लोकांत नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. पण गप्प राहिले असते तर ह्यांनी आईला दोष दिला असता. मी पदर पुढे ओढला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "मी केलं. त्याला ताप होता."

ह्यांनी एकदा दारातल्या बायकांकडे पाहिलं. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं, असं मला तेव्हा वाटलं. ह्यांनी पुन्हा वाकून बोटभर बोटभर जागा तपासली, आणि मागच्या पायाच्या घडीत, जिथे मला हात लावू दिला नव्हता, तिथे एक फोड अखंड सापडला.

"एक," हे म्हणाले. "एकाच मुलाचं होईल. दोघांत वाटलं तर कुणालाच लागायचं नाही." मुंबईहून नवी लस मागवायची, नवं वासरू टोचायचं, ते पिकायचं, म्हणजे पंधरा-वीस दिवस सहज जाणार. हे मला कळत होतं. गावोगाव सांगितलं होतं त्याप्रमाणे ह्यांनी माझ्या मुलीसाठी हात पुढे केला.

गर्दीत अगदी पुढे एक आगरी बाई उभी होती. गुडघ्यापर्यंत लुगडं, पायांना रुळांवरची काळी धूळ. ठाकुर्लीकडच्या त्याच गावातून ती रुळाच्या कडेकडेने चालत आली होती. तिच्या कडेवरचं पोर माझ्या मुलीएवढंच. ती कुणाला उद्देशून म्हणाली कोण जाणे, पण म्हणाली, "माजे शेजारचे घरान देवी आयल्यान. भिंतीला भिंत हाय."

माझ्या हातांत मुलगी होती आणि ती माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. मी फार थोर मनाने काही केलं, असं कुणी समजू नये. मला तिला द्यायचंच होतं. पाय पुढे पडत होता. पण त्या बाईचा हात आपल्या पोराच्या कपाळावर होता, ताप पाहत असलेला. मी पाच दिवस तेच करत होते. आणि बाकीचे फोड मी फोडले होते, तिने नव्हे. मी ह्यांना म्हटलं, "आधी तिचं." आणि आत जाऊन दार लावून घेतलं, कारण आणखी क्षणभर थांबले असते तर शब्द फिरवला असता.

बाहेर कुजबुज झालीच. "स्वतःच्या पोरीला टोचलं नाही, बघितलंत?" बायका पांगल्या. आगरी बाईने मात्र वासराच्या पिवळ्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि पोराचा दंड पुढे केला, असं नंतर हे म्हणाले.

त्या दुपारी हे जेवताना एवढंच बोलले, "आता ती आठव्या दिवशी आली, तर त्या पोराच्या हातावरून आपल्या मुलीला टोचता येईल. पण या बायका येत नाहीत. तूही आली नसतीस." मग म्हणाले, "आणि आली तरी आईचं काय?" सासूबाई ताक वाढत होत्या. त्यांनी ऐकलं आणि ह्यांच्या वाटीत आणखी ताक ओतलं.

वासरू परत न्यायला मोहन्याचा शेतकरी दुसऱ्या दिवशी आला, तर सासूबाईंनी त्याला वाटेला लावलं. पाहुणी अंगातून उतरल्याखेरीज घर सोडायचं नसतं, म्हणाल्या. आठ दिवसांनी ये. त्यामुळे वासरू राहिलं, फोडणी बंदच राहिली आणि ह्यांची दाढी आता चांगलीच वाढली. चौथ्या दिवशी बातमी आली, की तळ्यापलीकडच्या आळीत एका घराला देवी आल्या. आमच्या घरापासून हाक मारली तर ऐकू जाईल, एवढ्यावर. त्या दिवसापासून सासूबाईंनी मुलीला माझ्याकडे द्यायचंच सोडलं. पाजायला तेवढी देत आणि लगेच परत घेत. त्यांच्या ओठांची हालचाल थांबत नसे.

आठव्या दिवशी त्या उजाडल्यापासून उंबऱ्यात बसल्या होत्या, मुलगी मांडीवर, नजर स्टेशनाकडच्या वाटेवर. मी दोनदा म्हटलं, जेवून घ्या. नको म्हणाल्या. उन्हं चढली. सकाळची गाडी गेली. हे पेटी घासून-पुसून, सुऱ्या मांडून तयार होते आणि वाट पाहत नसल्यासारखं दाखवत होते.

ती आली तेव्हा घामाने निथळत होती. कडेवर पोर, डोक्यावर छोटी टोपली. पोराच्या दंडावर फोड टपोरा आणि स्वच्छ आला होता. उठून दिसत होता. ती दाराशी थांबली, आत पाऊल घातलं नाही. टोपलीत मूठभर तांदूळ, नारळ, निंबाची डहाळी आणि कोवळ्या गवताची एक पेंढी होती.

"वासरू हाय का गेलं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आहे.

"मी नाय येवाची व्हती," ती म्हणाली. "गावान समदी बोलली, नको जाव, पोराचं रगत काढतात. पन तवा मी वासराचे पोटाला हलद बगली. म्हनलं, ह्या घरान देवीचा मान राखतात. हिथं पोर दिलं तर चालंल. आता देवीची बोळवन नको कराया? म्हून आयले."

मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. ज्या हळदीने चाळीस मुलांची लस गेली, तिच्याचसाठी ही बाई चालत आली होती. ह्यांनी दाढी खाजवली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग बहुधा सासूबाईंची आठवण झाली. कुळगोत राहिलंच होतं.

सासूबाई उठल्या. मुलीला कडेवर घेतलं, त्या बाईच्या पोराचा दंड नीट निरखला आणि माझ्यावर खेकसल्या, "अगं, उभी काय राहिलीस? ती एवढं चालून आलीय. तिला बसायला पाट दे."

मी पाट मांडला. ती कचरत बसली. सासूबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या, आपल्या हाताने नातीचं झबलं खांद्यावरून उतरवलं आणि तो इवलासा दंड त्या पोराच्या दंडाला टेकेल इतका जवळ धरला. ह्यांनी टोचलं. दोन्ही पोरं एकदमच रडली. सासूबाईंनी एकाच पदराने दोघांचे डोळे पुसले. मग त्या बाईने परसात जाऊन वासराला कुंकू लावलं, पेंढी पुढे टाकली, आणि मी फडताळातून फोडणीची पळी काढली.

त्या वर्षी देवींनी तळ्यापलीकडची तीन मुलं नेली. आमच्या दारातून परत गेलेल्यांपैकीही एक गेलं. ते माझ्या खात्यावर आहे. हे मला कधी बोलले नाहीत, पण आहे. माझी मुलगी राहिली. ठाकुर्लीकडचं ते पोरही राहिलं. हे गावात गेले की ते धावत येऊन ह्यांना दंड दाखवायचं.

चारएक वर्षांनी एकदा पेंढ्याच्या गाड्या स्टेशनाकडे चालल्या होत्या, मुंबईच्या घोड्यांसाठी. आमच्या दारात एक गाडी अडली. एक बैल तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, कान आता अंगाला शोभतील असे. मी गाडीवानाला म्हटलं, थांब जरा. वाकून पाहिलं. पोटावर पांढऱ्या वणांची रांग होती. मला तिथेच रडू फुटलं आणि गाडीवान घाबरला.

मुलीने विचारलं, हा कोण? मी सांगितलं, की तुझ्या दंडावर जे आहे ना, ते याच्याकडून आलंय. तिने बैलाचं पोट पाहिलं, थोडा विचार केला, आणि परकर सावरत त्याच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली. मग पोलक्याची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि आपला दंड त्याला दाखवला. त्याने तो हुंगला आणि चाटला.